दोनदा ठोकलं की थांब

आमच्या गाडीची डिकी वाजत होती आणि मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या नसत्या, तर पुढचं काही घडलं नसतं.

गाडी सेकंडहँड. पहिलं वर्षभर ती गुमान चालली. मग एक दिवस बाजारातून येताना मागून खडखडाट सुरू झाला, डब्यात सुपाऱ्या घालून कुणी हलवाव्यात तसा. चांगल्या रस्त्यावर हळू, खड्ड्यात जोरात, आणि गॅरेजात नेली की अजिबात नाही. महाडमधल्या तीन गॅरेजवाल्यांनी तीन निदानं केली. एकाने शॉकअप बदलले. दुसऱ्याने सायलेन्सर आवळला. तिसऱ्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "सर, ऱ्हाउंद्या आवाज. हॉर्न वाजवायला नको." वंदनाने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वतःपुरता उपाय काढला होता. गाडी चालवताना ती गाणी मोठ्याने लावायची. खडखडाट वाढला की गाणीही वाढायची.

हे असंच चाललं असतं. पण मे महिन्यात पुण्याहून आमच्या केतकीचा फोन आला. तिने मुलगा पसंत केला होता. तिच्याच ऑफिसातला, आईवडील पोलादपूरला. वडील निवृत्त ग्रामसेवक, बोलायला कमी आणि माणसं पारखायला पक्के, असं तिनेच सांगून ठेवलं. रविवारी ते दोघं आमच्याकडे येणार होते. त्यांच्याकडे गाडी नाही हे कळताच मी उत्साहाच्या भरात सांगून टाकलं, की मी स्वतः येऊन घेऊन जातो.

फोन ठेवल्यावर वंदनाने शांतपणे विचारलं, "कुठल्या गाडीने?"

तिथून माझी भूक उडाली. मला दिसायला लागलं, की होणारे व्याही मागच्या सीटवर बसले आहेत, पाठीमागे सुपाऱ्यांचा डबा वाजतोय, आणि पोलादपूरपासून महाडपर्यंत ते एकच विचार करतायत: ज्याला गाडी सांभाळता येत नाही, त्याने मुलगी काय वळणाची वाढवली असेल?

शेवटी शेजारच्या मोरेकाकांना गाठलं. एसटीच्या डेपोत त्यांनी उभा जन्म बसगाड्यांखाली काढला. ते म्हणाले, "भायेर उभा ऱ्हाऊन आवाज गावायचा नाय, सर. एक जण मागं बसाया हवा." मागं म्हणजे मागच्या सीटवर, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मी डिकी समजलो.

गुरुवारी सकाळी दहा वाजता बॅटरी, स्क्रू-ड्रायव्हर आणि फडकं घेऊन मी डिकीत आडवा झालो. वंदना आधी तयारच नव्हती. शेजारी बघतायत, म्हणाली. मी तिला प्रयोगाची मांडणी समजावली. खिशातल्या वस्तूंच्या आवाजाने निरीक्षणात गोंधळ नको, म्हणून मोबाइलसुद्धा घरी ठेवला (इतकं मला सुचलं होतं). खूण अगदी सोपी होती.

"मी दोनदा ठोकलं की थांब. तोवर चालवत राहा."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो, आणि तिने डिकी लावली.

गाडी महामार्गाला लागली आणि कौतुकाने सांगतो, दोन मिनिटांत मला आवाज सापडला. जॅकचा दांडा स्टेपनीशेजारच्या खाचेतून सुटून पत्र्यावर आपटत होता. मी तो फडक्यात गुंडाळून घट्ट बसवला. खडखडाट थांबला. तीन गॅरेजवाल्यांना जमलं नाही ते मी आडव्याने करून दाखवलं होतं. त्या आनंदात मी दोनदा ठोकलं.

गाडी थांबली नाही.

चारदा ठोकलं. पुढे गाण्याचा आवाज वाढला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की डिकीत दांडा आपटला काय किंवा नवरा आपटला काय, पुढे बसलेल्या माणसाला सारखंच ऐकू येतं. ध्वनीचा धडा मी बावीस वर्षं शिकवतो आहे.

मी ओरडलो, लाथा मारल्या. गाणारी बाई माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत गात होती. मे महिन्यातलं ऊन, वर तापलेला पत्रा; मी भाजत आलेल्या वांग्यासारखा झालो होतो. शेवटी कुलूप आतून उघडायला स्क्रू-ड्रायव्हर घातला. काहीतरी कट्कन तुटलं. मग मी नुसता पडून विचार केला. ठोकलं, तर ती खडखडाट समजून चालवत राहणार. नाही ठोकलं, तर खूण मिळाली नाही म्हणून चालवत राहणार. माझ्याच नियमाप्रमाणे तिला गोव्यापर्यंत थांबायचं काही कारण नव्हतं. आणि टाकी मी आदल्याच दिवशी फुल केली होती.

बऱ्याच वेळाने गाडी थांबली. बाहेर रिक्षांचा, एसटीचा आवाज. मग वंदनाचा आवाज आला, गोड, पाहुण्यांसाठीचा. "अगंबाई, तुम्हीच ना? मी केतकीची आई. फोटोवरून ओळखलं."

म्हणजे आम्ही पोलादपूरच्या स्टँडवर होतो आणि बाहेर व्याही-विहीण उभे होते. ते कसल्याशा कामासाठी महाडच्या गाडीची वाट बघत होते. वंदनाने आग्रह केला, की मी परतच निघालेय, चला सोडते.

एक जड पुरुषी आवाज म्हणाला, "फणस हाय संगती. डिकीत टाकतो."

मग वंदना म्हणाली, "डिकीत नको. डिकीत आमचे हे आहेत."

नंतर त्याच आवाजाने जपून विचारलं, "कधीपासून?"

"महाडपासून."

तिने सगळं समजावून सांगितलं. शब्दन्‌शब्द खरा होता आणि प्रत्येक शब्दागणिक प्रकरण बिघडत होतं. मग किल्ली फिरेना. आता आपणच ओळख करून द्यावी, असं मला वाटलं.

"नमस्कार," मी आतून म्हणालो. "मी केतकीचा बाबा."

"नमस्कार," व्याही डिकीला म्हणाले. "गरमी असंल आत."

"थोडी आहे."

एव्हाना स्टँडवरची माणसं जमली होती. पोलिसांना बोलवायचं का, असं कुणीतरी वंदनाकडे बघत विचारत होतं. अखेर एका रिक्षावाल्याने आणि व्याह्यांनी मिळून मागच्या सीटची पाठ उपसली आणि मी त्या फटीतून डोकं पुढे काढून सरपटत उघड्या दाराबाहेर आलो. समोर व्याह्यांच्या चपला होत्या. पाया पडायचा माझा विचार नव्हता. पण जमलेल्यांना ते तसंच दिसलं, आणि व्याह्यांनी बिचाऱ्यांनी आशीर्वादही दिला.

महाडला यायचं काम त्यांना एकाएकी तितकं निकडीचं वाटेना. ते घरी परतले.

शनिवारी मुलाचा फोन आला. बाबा म्हणतायत सरांना त्रास नको, आम्ही एसटीनं येऊ. आणि ते खरंच एसटीनं आले. लग्न अर्ध्या तासात ठरलं, कारण सगळं बोलणं वंदना आणि विहीणबाईंनीच केलं. गाडी दारात उभी होती. तिचा आवाज कायमचा बंद झाला होता. बैठकीत माझाही.