दुपारी एक पस्तीसचा दिवा

तिल्लैअण्णांना त्यांची माणसं टाकतील, ही धास्ती आठवडाभर माझ्या मनातून जात नव्हती. दम्याचा माणूस, बायको गेलेली, त्यात हा करोना. नेदरलँड्समधल्या आल्मेरेतल्या आमच्या गल्लीत त्यांच्याशी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि माझी मुलगी प्रणिता. बाकी सगळा गोतावळा फोनवरचा, इथल्या तमिळ कुटुंबांचा. त्यांनीही पाठ फिरवली तर हा माणूस जगणार कसा?

अण्णा म्हणजे तिल्लैनाथन, श्रीलंकेत जाफन्याजवळच्या एका गावचे. पंचाऐंशी साली इथे निर्वासित म्हणून आले आणि तीस वर्षं काचघरांत फुलं कापली. मला ‘तंगच्ची’ म्हणतात, धाकटी बहीण. आम्ही बोलतो ते मोडक्या डचमध्ये आणि बऱ्या इंग्रजीत.

त्यांचा थोरला भाऊ कुलनाथन शाळामास्तर होता. तमिळांचं वेगळं राज्य हवं, पण ते मतं मागून, संसदेत भांडून, असं म्हणणाऱ्या पक्षाचा तो कार्यकर्ता. निवडणूक आली की सायकलवरून दारोदार फिरायचा. बंदुका हाती घेतलेल्या पोरांना त्याचा पक्ष मवाळ वाटे, मग विकला गेलेला वाटू लागला. शहाऐंशी साली त्यांनी मास्तरला गद्दार ठरवलं आणि घराच्या फाटकातच गोळी घातली.

अण्णा तेव्हा इथे होते आणि मनाने त्या पोरांच्याच बाजूचे होते. वहिनीचं, मालिनीचं पत्र आलं. उत्तरात त्यांनी एक ओळ लिहिली, ‘दादाचंही काही चुकलं असेल.’ त्यानंतर मालिनी त्यांच्याशी बोललेली नाही. ती आता टोरांटोला असते.

दर सत्तावीस नोव्हेंबरला इथले तमिळ लोक हॉल घेऊन लढ्यात मेलेल्यांसाठी दिवे लावतात. जाफन्यात संध्याकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली की, म्हणजे इथे दुपारी एक पस्तीसला. फोटो असतात ते लढताना मेलेल्यांचे. मास्तरला तिथे जागा नव्हती. अण्णा मात्र वर्षानुवर्षं त्याच हॉलच्या स्वयंपाकघरात दोनशे माणसांचा भात रांधत राहिले. भावाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

यंदा हॉल बंद. दिवा घरीच लावायचा, फोटो घरीच मांडायचा आणि झूमवर सगळ्यांनी जमायचं. सोमवारी अण्णा आमच्या दारापासून दोन मीटर लांब उभे राहून म्हणाले, “प्रणिता लॅपटॉप लावून देईल? मी दादाचा फोटो ठेवणार आहे.”

“अण्णा, लोक काय म्हणतील?”

“हॉल त्यांचा होता. घर माझं आहे.”

मला भीती वाटली. त्यांच्यासाठी वाटली तशी आमच्यासाठीही वाटली, हे कबूल करते. त्या बंदूकवाल्या संघटनेवर युरोपात बंदी आहे, आम्ही परमिटवर राहणारी माणसं आणि लॅपटॉप माझ्या मुलीचा. तसं बोलूनही दाखवलं. अण्णा हसले. “तंगच्ची, आम्ही सगळे म्हातारे आहोत. निम्म्यांना म्यूट काढता येत नाही. आम्हाला कोण घाबरणार?”

प्रणिता इंग्रजीत म्हणाली, “आई, पोलिसांच्याही आधी तूच अडवायला पोहोचतेस.”

जाता जाता अण्णांनी एक चिठ्ठी पायरीवर ठेवली. मालिनीचा नंबर. “माझा फोन ती उचलत नाही. तू करशील?”

“बघते,” मी म्हटलं. त्या ‘बघते’चा अर्थ त्यांना कळला. पुन्हा विचारलं नाही.

फुलं आणायचं काम माझ्याकडे आलं. फुलवालीने कागद उलगडला आणि पाहते तर कळलावी! ही घरात आली की भांडणं लागतात, असं म्हणून माझी आई कुंपणावरच्या वेलालाही हात लावू द्यायची नाही. अण्णांकडे मात्र तीच या दिवसाची फुलं. मी ती आमच्या दारातही न नेता थेट त्यांच्या पायरीवर ठेवली आणि कारण सांगितलं.

“आमच्यात भांडण लागलेलंच आहे,” अण्णा म्हणाले. “खुशाल येऊ देत घरात.”

आज दुपारी ऑफिसची मीटिंग म्यूटवर टाकून मी त्यांच्या मागच्या, किंचित उघड्या खिडकीशी उभी राहिले. आत मास्क लावून प्रणिता. स्क्रीनवर चौकोनच चौकोन आणि बहुतेक चौकोनांत गणवेशातली कोवळी पोरं. अण्णांच्या टेबलावर चष्मा लावलेला, खिशाला पेन अडकवलेला मास्तर. एक पस्तीसला दिवे लागले. अण्णांची काडी दोनदा विझली.

मग एक म्हातारी काहीतरी बोलली. दोन चौकोन गेले. आणखी एक गेला. अण्णा हलले नाहीत. दरवर्षी हा कार्यक्रम ठरवणारे गुरुनाथन खाकरले आणि तमिळमध्ये एक वाक्य बोलले, तसे अण्णांचे खांदे गदगदा हलू लागले. मला वाटलं, दम्याचा झटका. मी काच ठोठावली, “पंप कुठे आहे? प्रणिता, पंप दे!”

अण्णांनी हात वर केला. ते रडत होते आणि हसतही होते.

“काय म्हणाले ते?”

“म्हणाला, तिल्लै, मास्तरांचं कपाळ दिसत नाहीये, कॅमेरा वर कर.” त्यांनी डोळे पुसले. “दादाला ‘मास्तर’ म्हणाला तो, तंगच्ची. ती म्हातारी विचारत होती हा फोटोतला कोण, तर त्यानं ‘मास्तर’ म्हटलं.”

प्रणिताने कॅमेरा वर केला. बाकीचे सगळे शेवटपर्यंत थांबले. मी पायरीवरच बसले, आठवडाभर टांगणीला लागलेला जीव तेव्हा कुठे खाली आला.

आता घरात सगळे झोपलेत. टोरांटोला संध्याकाळच असेल. चिठ्ठी सोमवारपासून फ्रिजवर आहे, ती काढून समोर ठेवली आहे. अण्णांनी तेव्हा पत्रात लिहिलेली ओळ खोडून निघणार नाही, हे मला माहीत आहे. पण आज दिवा लागला, फोटोला कळलावीची फुलं होती आणि चारचौघांत मास्तरला मास्तर म्हटलं गेलं, एवढं तरी मालिनीच्या कानावर जायला हवं. तिने मध्येच फोन ठेवला तर पुन्हा करीन. नंबर लावते.