देव्हाऱ्यातलं कार्ड

आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण आहे, अन्नपूर्णा आहे, चांदीचं एक नाणं आहे आणि एक क्रेडिट कार्ड आहे. पाहुण्यांची नजर त्यावर गेली की आमचे हे छताकडे बघायला लागतात. मी मात्र सरळ सांगून टाकते की ते माझं आहे.

लग्नाआधी मी यवतमाळला राहायचे. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात बिलं तपासायचं काम होतं. पगाराचं खातं उघडलं तेव्हा बँकेच्या माणसाने हे कार्ड माथी मारलं. ‘जन्मभर फुकट आहे मॅडम, वापरा नाहीतर नका वापरू,’ म्हणाला. मी नाहीच वापरलं. म्हणजे मनातल्या मनात भरपूर वापरलं. संध्याकाळी सुटल्यावर ऑटोची वाट बघत उभी असले की माझी खरेदी सुरू व्हायची. कधी एक ऐटबाज गॉगल, कधी समुद्राकाठच्या गावाचं तिकीट, कधी स्वतःची एक खोली, खिडकीला निळे पडदे असलेली. ऑटो आला की दुकान बंद. कार्ड पर्समध्ये तसंच कोरं राहायचं आणि मला उगाच श्रीमंत वाटायचं.

मग लग्न झालं आणि मी उमरखेडजवळच्या ढाणकीला आले. लग्नात ताटात तांदूळ पसरून आमच्या ह्यांनी अंगठीने त्यावर माझं नवं नाव लिहिलं. आडनाव बदलणार हे ठाऊक होतं. नावही बदललं. मला विचारलं होतं, नाही असं नाही. भरल्या मांडवात, डोक्याला मुंडावळ्या बांधलेल्या असताना विचारलं होतं, आणि मी मान हलवली होती. पुढे आधार बदललं, पॅन बदललं, मतदार यादी बदलली. माहेरची माणसंसुद्धा हळूहळू नवं नाव घ्यायला शिकली. आई होती तोवर ती चुकून जुन्या नावाने हाक मारायची आणि जीभ चावायची. ती गेल्यावर चुकणारंही कोणी उरलं नाही. जुनं नाव राहिलं ते एकट्या त्या कार्डावर. कार्ड वापरायचंच नव्हतं, म्हणून कोणी ते बदलायला सांगितलं नाही.

पहिल्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाची मांडणी करताना सासूबाईंनी विचारलं, ‘तुह्याजवळ काई हाय का व पोरी, पैशाचं?’ मी थट्टेने कार्ड पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, ‘हे तुही लक्ष्मी हाय. आता इथंच बसू दे.’ तेव्हापासून ते देव्हाऱ्यातच बसलं. मुदत संपली की बँकेकडून नवं यायचं, जुनं उठायचं, नवं बसायचं. नाव तेच. शेजारणींना त्या अभिमानाने सांगायच्या, ‘आमच्या सुनेची लक्ष्मी लय शांत हाय. जागची हालत नाई.’

दुपारी जेवणं आटोपली की मी देवघराच्या उंबऱ्याशी पडायचे. कौलांतून एक उन्हाचा कवडसा यायचा आणि सरकत सरकत देव्हाऱ्यावर चढायचा. कार्डावरची उठावदार अक्षरं त्यात चमकायची. माझे डोळे मिटायला लागायचे आणि मग मला ती दिसायची, जुन्या नावाची. तिचं वय वाढलेलं नसायचं. लोहाऱ्याच्या रस्त्याने ती ओढणी सावरत चाललेली असायची, कधी निळ्या पडद्यांच्या खोलीत चहा करत असायची. तिचं लग्न झालं नव्हतं की झालं होतं, मला कधी समजलं नाही. तिला माझी ओळख नव्हती. मला वाटायचं, हिचं बरं चाललंय, असू दे. मग म्हैस ओरडायची आणि मी उठायचे.

दसऱ्याच्या सुमारास मोबाइलवर बँकेचा निरोप आला. वर्षभर कार्ड वापरलेलं नाही, महिनाभरात वापरा नाहीतर तसं कळवा, अन्यथा खातं बंद करण्यात येईल. नवा नियम आलाय म्हणे. आमच्या ह्यांनी चहा पिता पिता वाचलं. ‘बंद होऊन राह्यलं तं होऊ दे ना. कायले पाह्यजे? बिनकामाचं कार्ड ठेवून का फायदा?’

मी त्यांच्या हातून मोबाइल घेतला आणि निरोप पुन्हा एकदा वाचला.

त्याच दिवसांत मी एका छोट्या दालमिलसाठी कर्जाला अर्ज करणार होते, माझ्या एकटीच्या नावाने. घरची तूर दरवर्षी आम्ही पोत्याने विकायचो आणि दुकानातून किलोने डाळ आणायचो. याचा मला भयंकर राग यायचा. उमरखेडच्या बँकेतल्या बाईंनी माझा क्रेडिट स्कोअर काढून पाहिला. चांगला होता. जुन्या कार्डाचं मी सहज विचारलं तर त्या एकदम ताठ बसल्या.

‘आता बंद होऊ देऊ नका मॅडम. तुमची सगळ्यात जुनी नोंद तीच आहे. आणि तुमचं दुसरं कार्ड आहे ना, घरखर्चाचं, ते तुम्ही दर महिन्याला जवळजवळ पूर्ण वापरता. जुन्याची मर्यादा मोठी आहे म्हणून दोन्ही मिळून तुमचा खर्च कमी दिसतो. ते गेलं की तेवढाच खर्च डोळ्यावर येईल आणि स्कोअर खाली येईल.’

मला ते लगेच कळलं. मोठ्या कोठीत पायलीभर धान्य टाकलं तर तळाशी दिसतं. तेच डब्यात ओतलं की डबा काठोकाठ.

‘काहीतरी लहानसं घ्या त्यावर,’ त्या म्हणाल्या, ‘आणि बिल आलं की मुदतीत पूर्ण भरा. वर्षातून दोनतीनदा केलं तरी कार्ड जिवंत राहतं. पॅन एकच आहे म्हणून नोंद जुळतेय, पण नाव तेवढं बदलून घ्या.’

‘पाहू,’ म्हटलं मी.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं आणि आकाशच कोसळलं. ‘दिवाळी तोंडावर आली अन् तू लक्ष्मी बाहेर काढून राह्यली? डोकं फिरलं का तुहं?’

‘आई, नाई नेलं तं ते बंद पडते.’

‘पडू दे. बंद पडलं तरी इथंच राह्यते ना? देव का चालू-बंद राह्यते?’

पुढचे काही दिवस त्या देवघराच्या दाराशीच वाती वळत बसल्या. मी जवळून गेले की वात जरा जोरात वळायच्या. आमचे हे शेतात जास्तच रमायला लागले. मुदत सरत होती. दुपारी मी आडवी व्हायचे तर ती जुन्या नावाची आता दिसेना. रस्ता दिसायचा, नुसता रिकामा रस्ता.

शेवटी माझा तोल गेला. मी म्हणाले, ‘आई, तुमी रोज ज्याले हळदकुंकू वाह्यता ना, त्याच्यावर तुमच्या सुनेचं नावच नाई. माहं नाव हाय. माह्या आईनं ठेवलेलं. जगात आता थे तेवढ्याच ठिकाणी हाय, अन् तुमी थे बसल्या बसल्या मारून राह्यल्या.’

बोलून गेले आणि परसात जाऊन उभी राहिले. सासूसमोर एवढ्या आवाजात मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी आम्ही दोघींनी एकमेकींना ताट वाढलं आणि आपापल्या कोपऱ्यात जेवलो.

सकाळी त्या कार्ड घेऊन अंगणात उन्हाला आल्या. चष्मा लावला. इंग्रजी त्यांना येत नाही. ‘कुठं लिवलं हाय थे?’ मी त्यांचं बोट धरून उठावदार अक्षरांवरून फिरवलं. ‘वाच,’ म्हणाल्या. मी वाचलं. कितीतरी वर्षांनी ते नाव मी मोठ्याने म्हटलं होतं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. नवा पदार्थ जिभेवर घोळवावा तसं.

‘चांगलं हाय की,’ त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून पदराने पुसला. ‘भादव्यातल्या महालक्ष्म्या नाई का जात? तिसऱ्या दिवशी जातेत अन् पुढल्या साली येतेत. कोंडून कोन ठेवते त्याईले? पाठवू आपण.’

आणि खरोखर, गौरींची करतात तशी, पाठवणी केली. कार्ड नव्या खणात गुंडाळलं, माझ्या डब्यात दहीभात भरला, उंबऱ्यावर पाणी टाकलं. आमचे हे मोटारसायकल सुरू करून तोंड फिरवून हसत होते. मला ढाणकीच्या स्टँडवर सोडताना म्हणाले, ‘देवीले खिडकीजवळची सीट पाहून घेजो.’

एसटीत खिडकीचीच जागा मिळाली. सोयाबीन निघालेली रानं मोकळी पडली होती, कपाशी फुटली होती आणि तुरीला पिवळा फुलोरा आला होता. गाडी आपली निवांत डुलत चालली होती. मांडीवर पर्स, पर्समध्ये खण, खणात ती. मला वाटलं, माझ्या शेजारी कोणीतरी बसलंय आणि तेही बाहेर बघतंय. मी मान वळवली नाही.

उमरखेडला उतरले आणि पाय आपोआप चष्म्याच्या दुकानात गेले. पेट्रोल भरा, किराणा घ्या, असे सल्ले घरून मिळाले होते. मी गॉगल मागितला. पिन आदल्या रात्रीच मोबाइलवर काढून ठेवला होता. दुकानदाराने मशीनवर कार्ड टेकवलं, मग खुपसलं, काढलं, पुन्हा खुपसलं. मशीन नाहीच म्हणे. मग त्याने त्या सोनेरी चिपवर अंगठा घासला आणि अंगठा नाकाशी नेला.

‘ताई, हळद हाय का याच्यावर?’

‘हो. पूजेतलं हाय.’

त्याला काहीच नवल वाटलं नाही. चष्मे पुसायच्या फडक्याने त्याने चिप स्वच्छ केली, कार्ड कपाळाला लावलं आणि परत खुपसलं. मशीन पावलं. कार्ड परत देताना त्याने त्यावर नजर टाकली आणि नावापुढे ताई लावून म्हणाला, ‘घ्या, सांभाळून ठेवा.’

अनोळखी माणसाने, भर बाजारात, मला माझ्या नावाने हाक मारली. मी गॉगल तिथेच डोळ्यांवर चढवला ते बरं झालं, कारण रस्त्यावर आले तेव्हा मी चक्क रडत होते. काचांतून सगळा बाजार मधासारखा दिसत होता, केळीच्या गाड्या, सायकली, एसटीतून उतरणाऱ्या बाया, सगळं सावकाश आणि गोड. मी दोनदा त्याच रस्त्याने फिरले. आनंद झाला होता, दुसरं काही नाही.

बिल मी पुढे मुदतीत भरलं. कर्जही झालं आणि दालमिल आता आमच्या गोठ्यापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत घरघरते. नाव बदलायचा अर्ज काही मी दिला नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मी परत आले तेव्हा दिवेलागण होत होती आणि सासूबाई हातात ताट घेऊन उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. ताटात निरांजन आणि हळदकुंकू. महालक्ष्म्या घरात घेताना आमच्याकडे आतली बाई विचारते, कोण आली? बाहेरची म्हणते, महालक्ष्मी आली. मग कशाच्या पावलानं, तर सोन्याच्या पावलानं. असं विचारत विचारत देवीला देवघरापर्यंत नेतात.

‘थांब,’ त्या म्हणाल्या. ‘कोन आली?’

मी खण छातीशी धरला होता. तोंडातून महालक्ष्मी निघायला हवं होतं. निघालं ते माझं जुनं नाव. मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी दिवा ओवाळला, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि मलाच त्या नावाने म्हणाल्या, ‘ये व. सोन्याच्या पावलानं ये.’

मी आत आले. कार्ड देव्हाऱ्यात ठेवायला वळले तर त्यांनी मला हाताला धरून थांबवलं आणि ताट माझ्या हातात दिलं. मला काही कळेना. त्या उंबरा ओलांडून बाहेर गेल्या, अंगणात उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

‘आता मले इचार,’ म्हणाल्या.

ताटातली ज्योत हलत होती. मी विचारलं, ‘कोन आली?’

त्यांनी एक नाव सांगितलं. या घरात इतकी वर्षं काढूनही मी ते कधी ऐकलं नव्हतं. आमच्या ह्यांनीही नसावं. ते इथे लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. आवाज त्यांचाच होता, पण बारीक, शाळेत हजेरी देताना असतो तसा.

ज्यांना मी आजवर अहोजाहो केलं, त्यांना त्या नावाने मी म्हटलं, ‘ये व माय, आत ये.’

आणि त्या उजवं पाऊल टाकून आत आल्या.