साळूबाईंनी अडवलेले लाडू

वाढणाऱ्या हाताला नाही म्हणणं विजयमालाला कधी जमलंच नाही. त्यातून तिच्या सासूबाई, साळूबाई, पलूसकडच्या त्यांच्या गावात आग्रहासाठीच प्रसिद्ध. "घे गं, अर्धीच हाय," म्हणत त्या अख्खी भाकरी वाढायच्या.

विजयमाला अंगणवाडीत पोरांची वजनं करायची. स्वतः मात्र काट्यावर चढायला धजायची नाही. मिरजेच्या दवाखान्यात चढावंच लागलं. एकशे एकवीस किलो! गुडघे गेलेले, पथ्य आणि इन्सुलिन असूनही साखर चढलेली. चार वर्षांत ती जमिनीवर बसली नव्हती. डॉक्टरांनी जठर लहान करायचं ऑपरेशन सुचवलं.

"देवानं दिल्यालं पोट कापून घेतंय व्हय कुणी?" म्हणून साळूबाईंनी आठवडाभर अबोला धरला. ऑपरेशनच्या दिवशी मात्र दवाखान्यात त्याच बसून होत्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "पंधरा दिवस फक्त पातळ. घट्ट काही गेलं तर आतल्या टाक्यांना धोका."

विजयमालाला धास्ती वाटली ती गावाची. आजाऱ्याला भेटायला गाव कधी मोकळ्या हातानं येत नाही.

दुसऱ्याच दिवशी चुलतसासू मनुबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. "लय अशक्त दिसतीस. माझ्यासमोर एक खा बघू."

विजयमालाचा हात पुढं झालाच.

"आण हिकडं." साळूबाईंनी डबा ओढला आणि लाडू मनुबाईंच्याच हातावर ठेवला. "तूच खा. तिला चालत न्हाई."

"आगं, येवढासा तुकडा..."

"तुकडा बी न्हाई. खा, मग दुसरा देते."

पंधरा दिवसांत असे सात डबे आले. साळूबाईंनी ते आणणाऱ्यांनाच चारले.

दीड वर्ष झालं. विजयमाला आता अठ्ठ्याहत्तर किलोंची आहे. केस थोडे गळाले, गोळ्या रोजच्या. पण इन्सुलिन सुटलं. "ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, निभावलं आमच्या सासूबाईंनी," असं ती विचारेल त्याला सांगते.

यंदा गावजेवणाला ती पंगतीत मांडी घालून बसली. साळूबाई खिरीची बादली घेऊन आल्या. डाव भरला, सुनेकडं पाहिलं, बरीचशी खीर परत बादलीत ओतली आणि चमचाभर वाढली. मग नको नको म्हणणाऱ्या शेजारणीवर खेकसल्या, "तुजं काय ऑपरेशन झालंय का? धर द्रोण!"

विजयमालानं ती चमचाभर खीर पंगत उठेपर्यंत पुरवून खाल्ली.