आप्पांनी बांधलेल्या वायरी

दवाखान्याच्या बाकावर दोघं असले तर गप्प बसतात. चौघं जमले की किस्से सुरू होतात. आम्ही चौघंही विमानदुरुस्तीच्या हँगरमधले निवृत्त वायरिंगवाले. आत आमचे आप्पा होते. माण तालुक्यातले, आमच्यात सर्वांत थोरले. मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण माणसं ओळखेनात. लेक सुनीता इस्लामपूरहून धावत आली. "एकदा मला सुनी म्हणाले की बास!" एवढंच तिचं मागणं. रडू येत होतं, म्हणून आम्ही हसत होतो.

*

आप्पा म्हणायचे, "वायर तुटत न्हाई, घासून मरतीया." विमानात वायरींची जुडी पत्र्याला टेकली की थरथरून थोडी थोडी सोलवटत जाते. म्हणून आप्पा मधे बोट घालून बघायचे. बोट गेलं नाही की सोडा आणि पुन्हा बांधा! मग शिफ्ट संपलेली का असेना. आम्ही मनातल्या मनात शिव्या घालायचो.

*

एकदा कुणीतरी ड्रिल मारलं आणि पत्र्याचा चुरा वायरींवर सांडला. व्हॅक्यूम फिरवून झाला, तरी आप्पा बॅटरीच्या उजेडात एकेक कण टिपत बसले.

"आप्पा, गहू निवडताय व्हय?" मी छेडलं.

"गव्हातला खडा दातात येतोय गड्या. ह्यो कण इमान वर गेल्यावर कळतोय!"

*

त्यांचं लग्न दहिवडीला झालं. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ, तर नवरदेव गायब! सासरे घाबरले. बघतात तर मुंडावळ्यांसकट आप्पा शिडीवर. मांडवातल्या दिव्यांची वायर लोखंडी खांबाला घासत होती, ती फडकं गुंडाळून बांधत होते.

वहिनी शेवटपर्यंत सांगायच्या, "पयली गाठ ह्यांनी वायरला मारली, मग माझ्या शालूला!" वहिनी आता नाहीत.

*

एक विमान उडाल्या उडाल्या परत आलं. आगीचा लाल दिवा लागला होता आणि आग कुठंच नव्हती! आत वायर घासली होती. सगळे सुखरूप उतरले म्हणून पेढे वाटले. आप्पांनी पेढा नुसता हातात धरून ठेवला.

"आज दिवा उगंच लागला. खऱ्या आगीत लागलाच न्हाई तर रं?"

ती वायर त्यांनी बांधलेली नव्हती. तरी तोंड फिरवून रडले.

*

आणि हा किस्सा आज दुपारचा. आम्हाला आत सोडलं. उशाच्या मॉनिटरची वायर फरशीवरून भिंतीकडे गेली होती. सुनीता पलंगाला खेटून उभी राहिली, बापाच्या तोंडाजवळ वाकली.

"आप्पा, मी कोण? सांगा की."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओठ हलले तशी ती आणखी वाकली. मग त्यांची नजर खाली फरशीवर गेली.

"तू कुणीबी अस, बाई," आप्पा म्हणाले, "पर पाय उचल. वायरवर पडलाय."

सुनीतानं पाय उचलला.