बेलभंडाऱ्याची साक्ष

ज्या दिवशी वडील वारले, त्याच दिवशी गावचा इतिहास छापून आला.

मराठवाडा मुक्त होऊन पंचवीस वर्षे होत होती, म्हणून गावाने रझाकारांच्या काळाची हकीकत लिहवून घ्यायचे ठरवले होते. परभणीहून इतिहासाचे एक प्राध्यापक आले. मारुतीच्या पारावर बसून त्यांनी म्हाताऱ्यांच्या साक्षी घेतल्या. बोलण्याआधी प्रत्येकाने तळहातावर बेलभंडारा घ्यायचा, अशी त्यांची अट. बेलाचे पान, चिमूटभर हळद आणि देवाची शपथ. मग माणूस खोटे बोलत नाही, असे ते मानत.

पाटलांनी बेलभंडारा उचलला आणि सांगितले, की नदीकाठी लपलेल्या लढणाऱ्या पोरांना भाकरी आपल्या घरून जात. खरे तर त्यांच्या घरून रझाकारांच्या घोड्यांना कडबा जात होता. भाकरी आमच्या वस्तीत भाजल्या जात, आणि त्या पोचवत माझे वडील.

वडिलांची पाळी आली. ते छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. त्यांनी हात पुढे केला नाही.

"सर, देवाची शपथ आमाला चालत न्हाई. खोटं बोलायचं न्हाई, ही शपथ दीक्षा घेतली तवाच घेतलीय. तुमी लिवा."

"देवानं तुजं काय घोडं मारलंय रे?" पाटील म्हणाले. "का हळद पचंना?"

सगळा पार हसला.

"नियम सर्वांना सारखा," प्राध्यापक म्हणाले. "एकासाठी मोडला तर तो पक्षपात होईल." त्यांनी पेनाला टोपण लावले.

मी तेव्हा पालमच्या शाळेत शिकवत होतो. संध्याकाळी पाटलांच्या ओसरीवर प्राध्यापकांना गाठले. जेवण उरकून ते सुपारी कातरत होते. "तुम्ही मुलगा," ते म्हणाले. "तुमचं म्हणणं तटस्थ कसं धरू?" ज्यांचे मीठ नुकतेच खाल्ले होते, त्यांची साक्ष मात्र त्यांनी तटस्थ धरली होती.

वडिलांना माती देऊन परतलो, तेव्हा ते पुस्तक घरोघर वाटले जात होते. भाकरी पाटलांच्या नावावर होती. प्रस्तावनेत लेखकाने स्वतःच्या निःपक्षपातीपणाबद्दल समाधान व्यक्त केले होते. उघड खोटे मी सोसले असते. हे खोटे सोवळे नेसून आले होते. त्याची किळस अजून गेलेली नाही.

ज्यांनी त्या भाकरी खाल्ल्या, ती पोरे परगावची. काही मारली गेली, बाकीची म्हातारी होऊन गेली. आमच्या वस्तीतल्या बायाही गेल्या. आता हे सांगणारा मी एकटा उरलो आहे.