बादशाह आणि पिस्ताचं भांडण

आमच्या शेजारी रफीकभाईंचं गॅरेज आहे. तिथे जुने टायर जसे साचतात, तसे आमच्या गल्लीत किस्से साचतात. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही. आज एक, उद्या एक, आणि एक दिवस पाहावं तर ढीग कंपाउंडच्या वर! सध्या माझ्याकडे जो ढीग आहे तो सगळा दोन उंदरांचा. हसू नका. नुसता हा शब्द लिहिते आहे, तरी मान मागे वळवून एकदा पाहून घेतलं.

०००

आमची आणि रफीकभाईंची भिंत एकच. एका दुपारी भिंतीपलीकडून बारीक किंकाळी ऐकू आली. मग दुसरी. मी काही कोणाच्या घरात नाक खुपसणारी बाई नाही. पण म्हटलं, कोणाला काही झालं असेल तर? म्हणून डबाभर साखर घरात असताना साखरेसाठी वाटी घेऊन गेले.

रफीकभाईंच्या घरच्या, आमच्या शबानाभाभी, भाजी निवडत होत्या. टेबलावर मोठा पिंजरा. पोपट आणला असेल म्हणून मी कौतुकाने वाकले. आत एक करडा, एक पांढरा, आणि दोघांच्या लांबच लांब गुलाबी शेपट्या!

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. भाभी काय म्हणाल्या ते मात्र आठवतं.

"ताई, वो तो पिंजरे में है. आप पलंग पर कायको चढ़ी?"

०००

हे दोघे आणले त्यांच्या नीलूने. नीलोफर तिचं नाव, पण मी तिला दुपट्यात पाहिलेली, त्यामुळे नीलूच. नागपूरला फार्मसी शिकली आणि येताना डिग्रीसोबत ही जोडी घेऊन आली. सख्खे भाऊ. करडा दांडगा तो बादशाह, पांढरा नाजूक तो पिस्ता.

"पाळायचेच होते तर दोन कायले वं? एकात भागत नव्हतं?" मी पलंगावरूनच विचारलं.

"एकटा झुरते, काकू. त्याले सोबत लागते."

तिला हैदराबादला नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यात जायचं होतं. होस्टेलवर प्राणी चालत नाहीत. पिंजरा भाभी सांभाळणार होत्या. पोरगी पहिल्यांदा एवढी दूर जाते म्हणून माझंही मन भरून आलं आणि मी बोलून गेले, "जाय बिनधास्त. काही लागलं तर सांगजो, मी आहे नं!"

आपण हे वाक्य सगळ्यांना म्हणतो. समोरचा ते लक्षात ठेवेल असं कोणाला वाटतं?

०००

चार दिवसांनी मी परत गेले तर पिस्ता उताणा पडलेला आणि बादशाह त्याच्या छातीवर उभा! पिस्ता चिरकत होता. मी बाहेरच्या दारापर्यंत पळाले आणि तिथून ओरडले, "नीलू, मारला वं त्याने! मारला!"

नीलू दात घासत बाहेर आली. "मारत नाही काकू, अंग साफ करून देऊन राह्यला. तो मोठा आहे नं, दादागिरी करते थोडी."

मग तिने मला शिकवलं. चिरकले तर घाबरायचं नाही. एकमेकांना पाडलं तरी घाबरायचं नाही. पण अंगावरचे केस फुलवून, पाठ वाकवून, एखादा आडवा आडवा चालत दुसऱ्याकडे निघाला, तर मात्र समजायचं की हा आता चावणार.

मी म्हटलं, "हे मले माहीत आहे. माझ्या माहेरचे पाहुणे आले की आमचे हे अगदी तस्सेच चालतात!"

०००

एकदा मायलेकी दोघी यवतमाळला गेल्या. नीलू म्हणाली, "काकू, मधून मधून फक्त नजर टाकजा." मी नजर टाकायची म्हणजे दारातून टाकणार. पण त्या दिवशी दोघं फार शांत होते. फार शांत असलं की मला जास्त भीती वाटते. म्हणून जवळ गेले. खुर्ची घेऊन समोर बसले. तासभर पाहत राहिले.

आणि पाहता पाहता पिस्ताच्या डोळ्यातून रक्त आलं!

फोन लावेपर्यंत तो दोनदा हातून खाली पडला. "नीलू, पिस्ताचे डोळे फुटले! दोन्ही! रक्त वाहून राह्यलं!"

"रक्त नोहे ते, काकू. त्याहीच्या डोळ्यातलं पाणीच लाल असते. टेन्शन आलं की येते."

"कोणी देल्लं त्याले टेन्शन? बादशाह तर झोपून आहे!"

मग नीलू म्हणाली, "काकू, तुम्ही पिंजऱ्यासमोर केव्हाच्या बसून आहा?"

०००

यानंतरचं मात्र खरं भांडण. नीलू बाहेर गेली होती, घरात भाभी आणि मी. बादशाहचे केस फुलले, पाठ वाकली, आडवा चालला... मी म्हटलं, "भाभी, माहेरचे पाहुणे!" भाभींना काही समजायच्या आत दोघांचा एकच गोळा झाला. भिंगरीसारखा फिरत होता. डोकं कोणाचं, शेपटी कोणाची, काही कळेना.

भाभींनी हात घालायला पिंजरा उघडला. मी त्यांचा हात मागे ओढला. नीलूने बजावलं होतं, भांडणात हात घालायचा नाही, ते तेव्हा कोणाला ओळखत नाहीत. आवाज करायचा, टॉवेल टाकायचा. मी परात बडवली. भाभींनी टॉवेल टाकला. गोळा सुटला. पिस्ताचा कान फाटला होता आणि पांढऱ्या पाठीवर लाल रेघ.

एवढंसं ते अंग, टॉवेलमध्ये थरथर कापत होतं. मला सुचलं ते केलं. आमच्याकडे विळी लागो की खिळा, औषध एकच. डोळे मिटून मूठभर हळद लावली आणि पिस्ताला पिंजऱ्यात ठेवलं.

बादशाहने त्याला हुंगलं. परत हुंगलं. हा पिवळा कोण, असं त्याला वाटलं असावं. परत तोच गोळा!

नीलू आली तेव्हा भाभी टॉवेल धरून, मी परात धरून, आणि पिस्ता भांड्यांच्या टोपलीखाली.

"याले हळद कोणी लावली?"

मी परातीआड झाले. भाभी म्हणाल्या, "अब लगी है तो निकाह भी पढ़वा दे!"

०००

नीलूने मिठाच्या कोमट पाण्याने हळद धुतली. जखम खोल नव्हती, पण वास बदलला की भाऊ भावाला ओळखत नाही म्हणाली. दोघांना वेगळं ठेवावं लागणार. गॅरेजमधून जुना पिंजरा आला. एकात बादशाह, दुसऱ्यात पिस्ता.

भाभींनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. "देख बेटा, एक पिंजरा मैं संभाल लूँगी. दो नहीं."

नीलूला माझं 'मी आहे नं' आठवलं असावं. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

हे भांडण मिटलं नाही तर पिस्ता माझ्या घरी येणार होता. कायमचा!

०००

त्या दिवसापासून त्या दोघांची दिलजमाई व्हावी म्हणून माझ्याएवढी कळकळ जगात कोणाला नसेल. नीलूने बाथरूम कोरडं करून दोघांना तिथे भेटवायचं ठरवलं. ती जागा दोघांचीही नाही, म्हणजे मालकीवरून भांडण नाही. मी टॉवेल घेऊन दाराशी. पण बादशाहने पाठ वाकवल्याबरोबर टॉवेल माझ्या डाव्या हातात राहिला आणि उजवा हात मध्ये गेला. दुसऱ्याला शिकवलेलं आपल्याला वेळेवर आठवत नाही. करंगळीला कचकन दात लागला.

दवाखान्यात सिस्टर सुई भरत होती. सुईलाही मी तेवढीच भिते.

"काय चावलं?"

आता हा शब्द मी तोंडाने घेत नाही. आईने शिकवलं होतं, त्याचं नाव घेतलं की तो पेटीतली लुगडी कुरतडतो, म्हणून मामाच म्हणायचं. मी म्हटलं, "मामा."

सिस्टरचा हात थांबला. "कोणाचा मामा?"

"शेजारच्यांचा. दोघं भाऊ भांडून राह्यले होते, मी सोडवाले गेली."

ती माझ्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बाई, घाबरू नका. पोलिसात देल्लं काय?"

०००

नीलू म्हणाली, सवय म्हणून दुपारभर पिस्ता तुमच्याकडे ठेवून पाहू. माझ्या तोंडून 'नाही' निघेपर्यंत पिंजरा आमच्या फ्रिजशेजारी आला होता.

आमचे हे जेवायला आले, पाहिलं, आणि ताट उचलून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. नीलू जाता जाता त्यांना समजावून सांगत होती. "काका, पंखा डायरेक्ट नका लावजा. टीव्ही हळू ठेवजा. आणि दार जोरात नका लावू, त्याले आवडत नाही."

हे घास हातात धरून म्हणाले, "सासरा येऊन राह्यला काय?"

पिस्ताने मात्र त्या दुपारी दाणाही खाल्ला नाही. ज्या भिंतीपलीकडे बादशाह होता, त्या बाजूच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मी लांबूनच शेंगदाणे दाखवले. त्याने पाहिलंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड ते तोंडच.

०००

नीलूची गाडी सकाळची, आणि आदल्या दिवशीपर्यंत दोघं वेगळेच. पोरीचं बॅग भरण्यात लक्ष नव्हतं. ओढणी घडी करायची, परत उलगडायची. "काकू, त्याले एकट्याले ठेवून मी तिथं काय काम करू?" एवढंच म्हणत होती.

शेवटी तिच्या नागपूरच्या मैत्रिणीने फोनवर एक उपाय सांगितला. दोघांना अनोळखी छोट्या टोपलीत घाला आणि गाडीतून हिंडवा. धक्के बसले की घाबरतात, आणि घाबरले की भांडण विसरतात.

रफीकभाईंच्या गॅरेजमध्ये एक ऑटो दुरुस्त होऊन ट्रायलसाठी उभाच होता. भाभींना ऑटोत बसलं की मळमळतं, म्हणून त्या आल्या नाहीत. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण निकाल माझ्या घराचा लागणार होता!

"कौनसा रस्ता लूँ?" रफीकभाईंनी विचारलं.

"सगळ्यात खराब, अब्बा."

"बेटा, इसमें तो चॉइस बहुत है!"

हायवे सोडला आणि खेड्याकडच्या रस्त्याला लागलो. झाकणाची टोपली नीलूच्या आणि माझ्या मध्ये. पहिल्या खड्ड्याला आतून चिरकण्याचा आवाज आला. दुसऱ्याला खडखड. तिसऱ्या खड्ड्याला माझं डोकं वरच्या दांडीला लागलं आणि टोपलीचं झाकण उडालं.

आधी बादशाह. मागोमाग पिस्ता. दोघं सरळ माझ्या मांडीवर, तिथून पदराच्या आत!

मी ओरडायला तोंड उघडलं. आवाजच निघाला नाही. रफीकभाईंनी करकचून ब्रेक मारला. "ताई, हिलना मत!"

मी कुठे हलत होते? पोटाशी दोन गरम जीव थरथर कापत होते, आणि त्यांच्याभोवती मी. कोण किती कापतं आहे तेही कळत नव्हतं. आता हे इथेच भांडतील, माझ्या पोटावर, असं वाटून मी डोळे घट्ट मिटले.

नीलूने हळूच पदराचा काठ उचलला. वाकून आत पाहिलं. मग म्हणाली, "काकू, बादशाह त्याचा कान चाटून राह्यला. पिस्ता झोपला."

मी एक डोळा उघडून खाली पाहिलं. करड्या पोटाखाली पांढरं डोकं होतं.

नीलू ओढणीने नाक पुसत हसायला लागली. "झालं, अब्बा. घरी चला."

रफीकभाईंनी ऑटो वळवायला घेतला, तेव्हा कुठे माझा आवाज फुटला.

"कायले वळवता, रफीकभाई? पिस्ता आत्ताच झोपला! आणखी एक चक्कर मारा नं!"