पलंगाएवढी नाव

वजनदार माणसाचे किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. बारीक माणूस पाण्यात पडला तर तो अपघात. मी पडलो की आमच्या हिंगणी गावच्या चहाटपरीला आठवडाभराचा माल! आणि हे किस्से रंगवून सांगणारे सगळे वडीलधारे. जन्मात घोट्याच्या वर पाण्यात न गेलेले.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी वर्ध्याचं कॉलेज सोडलं. बोर धरणात जाळं टाकून पोट भरायचं ठरवलं. आमचे बाबा मास्तर. त्यांनी घरीच निकाल लावला.

"दिवाळीपर्यंत तुले पेलनारी नाव भेटली तं ठीक. नाई तं नागपूरले मामाच्या दुकानात जायाचं. गुमान!"

मामाचं कापडाचं दुकान. दिवसभर गादीवर बसायचं आणि मामाची अक्कल ऐकायची. त्यापेक्षा बुडालेलं बरं!

*

पहिला प्रयोग किसनाच्या डोंग्यावर. किसना माझा दोस्त, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या घरातला, अंगानं काडी. त्याचा डोंगा म्हणजे कोरलेलं खोड, त्याच्याच मापाचं. मी एक पाय ठेवला, डोंगा कलला. दुसरा ठेवला, उलटला!

मी पोहत काठावर आलो. धरणात मी लहानपणापासून पोहतो. घरी कधी बोललो नाही आणि घरी कधी कोणी विचारलंही नाही.

किसना बोंबलला, "अबे, तू आला पोहून, माहा डोंगा कोन आननार?"

टपरीवर मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष रामाजी बसले होते. धरणात कोणी जाळं टाकायचं हे तेच ठरवत. चहा बशीत ओतत म्हणाले, "याले नाव नाई, पूल पाह्यजे!"

*

मग ट्यूब. धरणावर बरेच जण ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकत. मी कारंजाला जाऊन हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून सगळ्यात मोठी ट्यूब आणली.

बसलो. ट्यूब बुडाली नाही, कलली नाही. जिंकलो म्हणेपर्यंत मधल्या भोकातून कमरेपर्यंत खाली गेलो आणि तिथेच अडकलो. हात वर, पाय वर! किसनानं ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. शेवटी हवा सोडली तेव्हा सुटका झाली.

हवा गेलेली ट्यूब घेऊन परत गेलो तर पंक्चरवाला हात जोडतो, "भैया, इसपे तो भरा हुआ ट्रक चलता था!"

*

तिसरा सल्ला खुद्द रामाजींचा. चार रिकामे ड्रम, वर बांबू, झाला तराफा. "बुडनारच नाई!"

खरंच बुडाला नाही. पण वळतही नव्हता. वारा नेईल तिकडे मी. रामाजी काठावरून धोतर सावरत धावताहेत, "डावीकडे मार! डावीकडे!"

"तुमीच या ना बसाले!"

"मले टपरीवर काम हाय!"

टपरीवर काम! तराफ्यावर बसल्या बसल्या एक गोष्ट मात्र कळली. हे सगळे बसून नाव पारखतात. माझ्यासारख्यानं पडून पारखायची. पाण्यातून वर चढताना जी उलटत नाही, तीच आपली.

*

सेलूच्या सुताराला तेवढंच सांगितलं. तळ सपाट आणि रुंद. बसायची फळी जवळजवळ तळालाच. दोन्ही टोकांना तेलाचे रिकामे डबे झाळून बंद केलेले, म्हणजे पाणी भरलं तरी तरंगली पाहिजे.

सुतारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भाऊ, नाव पाह्यजे का पलंग?"

"पलंगच समज. फक्त कुशीवर वळलो तं उलटला नाई पाह्यजे."

नाव आली. मी आत बसलो आणि मुद्दाम पाण्यात पडलो. कड धरून वर चढलो. नाव कलली, थोडं पाणी घेतलं, उलटली नाही! पुन्हा पडलो, पुन्हा चढलो. हात भरून येईस्तोवर.

काठावर सगळी टपरी गोळा. रामाजी म्हणाले, "पोट्टं येडं झालं. बसता येत नाई म्हनून पडून राह्यलं!"

*

दिवाळी तोंडावर आली तशी रामाजींनी शेवटची अट घातली. "दोघं बसून पलीकडच्या काठाले जाऊन या. मंग टाकजो जाळं."

"चला, बसा मंग."

रामाजींचे गुडघे तिथल्या तिथे दुखायला लागले. टपरीवरच्या दुसऱ्या एकाला बैल सोडायचे होते. किसनासुद्धा मान खाली घालून म्हणाला, "माहं लगन ठरलं ना बे." सगळ्या गावानं मला नाव कशी असावी ते शिकवलं, आणि बसायला एक माणूस नाही!

एवढ्यात शाळा सुटली. बाबा मागून आले. चपला काढून काठावर जोडून ठेवल्या. छत्री रामाजींच्या हातात दिली.

"मी बसतो."

मी मनात म्हटलं, घ्या! मामाच्या दुकानात धाडायला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा पाहिजे यांना.

वल्हवायला लागलो. बाबा समोर बसलेले, दोन्ही हातांनी कडा गच्च धरून. नजर पलीकडच्या काठावर. मधोमध आलो तसा वारा सुटला. नाव एका अंगाला कलली आणि सावरली. तेव्हा बाबांनी तोंड उघडलं.

"काऊन रे, तुले पोहता येते?"

"येते. लहानपनापासून."

"बरं," बाबा म्हणाले. "मले नाई येत."